आढ्यावरची पाटी

"काका, वर बघून बघून मान आखडेल. बसून घ्या की जरा," छपरावरून नागिसा म्हणाली.

शिगेमित्सु बसले नाहीत. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस. पस्तीस वर्षं गावात टपाल वाटलं आणि त्याहून जास्त वर्षं रोज सकाळी या कामीच्या, म्हणजे गावच्या देवतेच्या, देवळाचं अंगण झाडलं. पुजारी महिन्यातून एकदा शेजारच्या खोऱ्यातून यायचा, त्यामुळे देवळाचा इतिहास विचारायचा तर शिगेमित्सुंनाच. लाल कमानीजवळच्या फलकावर त्यांनीच आपल्या हाताने लिहिलं होतं: 'बाराशे वर्षांपूर्वीचं मूळ देऊळ.' आजोबा सांगायचे, म्हणून.

देवळाच्या गवती छपराच्या शाकारणीला आलेली नागिसा सुतारीण एक काळपट पाटी घेऊन शिडीवरून उतरली. बांधकाम पुरं झालं की कारागीर अशी पाटी आढ्याला ठोकून ठेवतात. शिगेमित्सुंनी ती बाहीने पुसली, वाचली आणि मग मात्र ते पायरीवर बसले.

'मेइजी एकवीस. आगीत गेलेलं देऊळ पुन्हा बांधलं. ते पुरानंतर बांधलेलं होतं. त्याआधीचं आम्हाला ठाऊक नाही.'

"म्हणजे अठराशे अठ्ठ्याऐंशी साल. जेमतेम एकशे सदतीस वर्षं," ते म्हणाले. "आणि मी शाळेतल्या पोरांना बाराशे सांगत आलो. परवा जत्रा. सगळा गाव त्या फलकापुढे उभा राहणार. काय तोंड दाखवू?"

"मग ठोकून टाकते परत. मी कुणाला बोलायची नाही, आणि पुढची शंभर वर्षं वर कोण चढतंय?"

शिगेमित्सुंना मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच झाला.

"पण काका, खरं सांगू?" नागिसा घाम पुसत म्हणाली. "बाराशे वर्षं आपोआप उभं राहिलं, तर त्यात गावाने काय केलं? दोनदा गेलं आणि दोनदा उभं केलं, हे सांगायला लाज कसली? आणि शेवटची ओळ वाचलीत का?"

सुतारांच्या नावांखाली बारीक अक्षरात होतं: 'खराटा – योसुके.'

शिगेमित्सुंनी त्या नावावरून बोट फिरवलं. या योसुकेचं नाव त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं, तरी तो त्यांना फार जवळचा वाटला.

संध्याकाळपर्यंत त्यांनी फलक खरवडून काढला आणि पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला, 'आम्हाला ठाऊक नाही' यासकट. दुसऱ्या दिवशी या शाकारणीच्या नव्या पाटीवर नागिसा आणि तिचे तिघे गडी यांची नावं लिहून त्यांनी कुंचला खाली ठेवला.

"एक नाव राहिलं," नागिसा म्हणाली.

"कुणाचं?"

"आता तेही मीच सांगू?"

त्यांनी कुंचला पुन्हा उचलला आणि सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात 'खराटा' लिहून पुढे आपलं नाव घातलं. नागिसाने दोन्ही पाट्या शेजारी शेजारी ठोकल्या आणि गड्यांनी त्यांवर गवत चढवलं. दुपारपर्यंत आढं झाकून गेलं.

शिगेमित्सुंनी खराटा उचलला. अंगणात जुन्या गवताचा ढीग पडला होता आणि उद्या जत्रा होती.