दहा खुणा एका दमात

बरोबरची खूण करायला वेळ तो किती लागतो? पेन टेकवायचं, खाली एक आखूड ओढ, वर एक लांब ओढ, झालं. ताईंनी अशा दहा खुणा एका दमात केल्या होत्या. त्याच दहा खुणांपायी आज परवाना देणाऱ्या परिषदेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत त्यांची पाचावर धारण बसली होती.

ताई म्हणजे फिजिओथेरपिस्ट, वीस वर्षं या कामात मुरलेल्या. त्यांची नणंदही त्याच कामातली. घराच्या तळमजल्यावर दोघींचा दवाखाना, वरती स्वयंपाकघर. नणंद-भावजय दिवसभर एका छताखाली राबतात आणि तरी दोघींची डोकी शाबूत आहेत, यावर लोकांचा विश्वास बसत नसे. नणंद जिभेने तिखट, ताई मवाळ. पेशंट म्हणत, एकीकडे दुखणं जातं, दुसरीकडे दुखणं सोसायची हिंमत येते.

तर झालं होतं असं. शिंपीकाकांचा घोटा मुरगळून आखडला होता. वय सत्तरीचं, शुगर जुनी. दहा दिवस रोज आधी शेक, मग व्यायाम, असं ठरलं. आता शेक द्यायचा तर नियम अगदी पोरासोरांना कळेल इतका सोपा आहे: पेशंटचे डोळे मिटायचे, काचेच्या दोन नळ्या घ्यायच्या, एकीत गरम पाणी, एकीत गार, आणि पायाला एकेक टेकवून विचारायचं. ज्याला गरम-गार कळत नाही त्याला शेक द्यायचा नाही, कारण कातडी भाजत असली तरी तो 'काढा' म्हणणार नाही. हे दर वेळी करायचं आणि तक्त्यावर त्या दिवसाच्या चौकटीत खूण करायची. पहिल्या दिवशी बाहेर बाक भरलेला होता. ताईंनी नळ्या काढल्याच नाहीत. "काका, पायाला गरम-गार कळतं ना?" एवढं विचारलं. "न कळायला काय झालं?" काका म्हणाले. आणि ताईंनी दहाच्या दहा चौकटी भरून टाकल्या. विचारलं, पण तपासलं नाही. झाडून सगळा गुन्हा तो एवढाच.

सहाव्या दिवशी घोट्याला शेकाची पिशवी गुंडाळलेली असताना काका एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होते. त्याचं पोट दर महिन्याला आत-बाहेर व्हायचं आणि तो बापडा एकच पँट आणून कधी उसवून घ्यायचा, कधी आवळून. काका हसत होते. ताईंनी पिशवी उचलली तर खालची कातडी पांढरीफटक पडलेली, कडेने फोड येऊ लागलेले. आणि काका अजून हसतच होते.

जखम भरायला पाच आठवडे गेले. काकांच्या मुलीने परिषदेकडे तक्रार केली. ती शाळेत शिकवणारी, गप्प बसणाऱ्यातली नव्हे, आणि तिचं काही चुकलंही नव्हतं. काका मात्र लेकीवरच रागावले. ताईंनी त्यांच्या बायकोला शेवटच्या दुखण्यात घरी येऊन चालवलं होतं, ते काका विसरायला तयार नव्हते. आज ते आले होते ते ताईंच्या बाजूने बोलायला.

ताईंनी परिषदेला लेखी उत्तर दिलं होतं: नोंदीप्रमाणे संवेदना तपासणी ठीक होती. नोंदीप्रमाणे! काय पण शब्द सापडला होता. खोटंही नाही आणि खरं तर त्याहून नाही. भाजण्याच्या अपघाताला परिषद एकवेळ ताकीद देऊन सोडते. पण खोट्या नोंदीला माफी नाही, परवाना जातो. परवाना गेला की हात कितीही हुशार असो, पेशंटला लावायचा नाही. हे नणंदेलाही ठाऊक होतं. जिना चढताना तिने ताईंचा दंड धरला.

"वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. कागदावर खूण आहे. तू आपण होऊन मूठ उघडू नकोस."

ताईंनाही मूठ उघडायची नव्हती, हे सांगितलेलं बरं. त्या काही देवी नव्हत्या.

खोलीत समितीचे तिघे बसले होते. मधोमध अध्यक्षबाई, त्यांची सगळी हयात याच विषयात शिकवण्यात गेलेली. एका बाजूला वकील, दुसऱ्या बाजूला एक वयस्क सदस्य, ते प्रत्येक वाक्य लिहून घेत होते. समोरच्या खुर्च्यांवर काका, त्यांची लेक आणि नणंद. भिंतीलगत तपासणीचं टेबल होतं. अध्यक्षबाईंनी तक्ता वाचला, लेखी उत्तर वाचलं, चष्मा काढला. तीन महिन्यांपूर्वी काकांच्या पायाला कळत होतं असं तुमचं म्हणणं, तर ते आज पाहता येईल, असं त्या शांतपणे म्हणाल्या. इतक्या जुन्या शुगरमध्ये गेलेली संवेदना एवढ्यात परत येत नाही. आज कळत असेल तर तेव्हाही कळत होतं, मग भाजणं हा अपघात. आज कळत नसेल, तर त्या खुणा कशा झाल्या याचा खुलासा द्यावा लागेल. आणि तपासणी ताईंनीच करायची. कशी करता तेही समितीला पाहायचं होतं.

नणंद खुर्चीच्या कडेवर आली.

टेबलाशेजारी स्टीलचे दोन मग आणून ठेवले, एकात कढत पाणी आणि एकात बर्फाचे खडे. दोन्हींत एकेक नळी उभी होती. काका टेबलावर आडवे झाले. ताईंनी त्यांचे बूट-मोजे काढले आणि डोळ्यांवर घडी केलेला टॉवेल ठेवला. तो ठेवताना काका हळूच पुटपुटले, "काळजी करू नका ताई, मी आहे." म्हाताऱ्याची माया, दुसरं काय, असं ताईंना वाटलं.

आधी दंडावर, कारण तिथे कळतं हे नक्की असतं. नळी टेकवली. क्षणभर थांबून काका म्हणाले, "गरम." दुसरी टेकवली. क्षणभर थांबले. "गार." मग पाय. ताईंनी बर्फातली नळी उचलली, घोट्यावर टेकवली आणि "आता?" असं विचारलं.

"गार."

गरम नळी. "आता?"

"गरम."

ताईंना खरंच वाटेना. पुन्हा गरम. "गरम." नणंदेने सोडलेला श्वास पाठीमागे ऐकू आला. वयस्क सदस्यांचं पेन चालू झालं. ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणजे कळत होतं! म्हणजे आपण तपासलं नसलं तरी खोटं लिहिलं नव्हतं! आंधळ्याने दगड मारला आणि नेमका आंब्याला लागला, तसं काहीसं झालं होतं, पण लागला होता. परवाना वाचला होता.

त्या आनंदातच त्यांनी पुन्हा बर्फातली नळी उचलली. खडे मगाला लागून खळखळले. नळी घोट्यापासून अजून वीतभर लांब होती.

"गार," काका म्हणाले.

ताई जागच्या जागी थांबल्या. दंडावर काका नळी टेकल्यानंतर थांबून बोलत होते. पायावर त्यांना थांबावंच लागत नव्हतं. बर्फ वाजला की गार, नाही वाजला की गरम. म्हातारा पायाने नाही, कानाने उत्तरं देत होता.

समितीच्या बाजूने ताईंची फक्त पाठ दिसत होती. कुणाला काही कळलं नव्हतं. अजून दोन वेळा नळी टेकवायची, आभार मानायचे, जिना उतरून घरी जायचं. काका स्वतःहून खोटं बोलत होते, कुणी सांगितलं नव्हतं. आपण फक्त गप्प राहायचं. गप्प राहणं हा काय गुन्हा आहे? ताईंनी मनाशी एवढं सगळं बोलून घेतलं. माणसाला स्वतःची वकिली करायला कधी शिकवावं लागत नाही.

पण पलीकडे पेन चालत होतं. त्या पेनाने काकांच्या फाइलमध्ये परिषदेच्या शिक्क्यानिशी लिहिलं जाणार होतं की या पायाला कळतं. पुढचा कुणी थेरपिस्ट तो कागद वाचून निर्धास्तपणे पिशवी गुंडाळणार. थंडीत लेक प्रेमाने गरम पाण्याची बाटली पायाशी ठेवणार. आणि काका गोष्टी सांगत हसत राहणार. ताईंना त्या हसण्याची भीती वाटली, परवाना जाण्याच्या भीतीहून जास्त.

त्यांनी नळी बर्फात बुडवली, मुद्दाम खळखळवली, वर उचलली आणि हवेतच धरली. मग टेबलाच्या बाजूला सरकल्या, तिघांनाही दिसेल अशा.

"आता?"

"गार."

दुसरी नळी उचलली, बिनआवाज. ती पायापासून हातभर लांब धरली. "आता?"

"गरम," काका ठामपणे म्हणाले.

पेन थांबलं. नणंदेने कपाळाला हात लावला. अध्यक्षबाई नळीकडे पाहत राहिल्या. टॉवेलाखालून काकांनी विचारलं, "सगळी बरोबर आली ना, ताई?"

ताईंनी टॉवेल काढला. "नाही, काका. मी नळी टेकवलीच नव्हती."

मग त्या समितीकडे वळल्या आणि बोलत गेल्या. बाक भरलेला होता, नळ्या काढल्या नाहीत, नुसतं विचारलं, दहा खुणा एका बैठकीत केल्या, आणि 'नोंदीप्रमाणे' हा शब्द शोधायला मात्र दोन दिवस घालवले. हे तुम्ही परिणाम ओळखून सांगताय ना, असं वकिलांनी विचारलं. ताई हो म्हणाल्या. काका चिडून कोपरावर उठले होते, मी ताईंसाठी करत होतो आणि ताईंनीच घात केला, असं लेकीला सांगत होते. लेक तोंडावर हात ठेवून उभी होती.

अध्यक्षबाईंनी चष्मा पुन्हा लावला. "निकाल काय लागेल हे तुम्हाला कळलं असेलच," त्या म्हणाल्या. "पण तो लागेपर्यंत तुमची नोंदणी चालू आहे, आणि तपासणी अर्धी राहिली आहे. पूर्ण करा."

ताईंनी बर्फाचे खडे काढून टाकले, दोन्ही मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवले आणि नळ्या तिथून आणत राहिल्या. घोटा: काकांना काही सांगता येईना. नडगी: नाही. पोटरी: नाही. प्रत्येक वेळी काका अंदाजाने काही म्हणू पाहत आणि ताई हळूच म्हणत, अंदाज नको. गुडघ्याखाली चार बोटं राहिली तेव्हा काका दचकले. "गरम," ते म्हणाले, उशिरा, आणि आवाज घाबरलेला होता. ताईंनी तिथे पेनाने रेघ मारली. रेघेच्या खाली सगळी सामसूम होती, दोन्ही पायांत.

आता तळवे पाहायचे, तेही राहून गेलं होतं. ताईंनी उजवा पाय उचलून धरला. टाचेच्या पुढे एक लालबुंद गोल ठसा खोल उमटला होता, रुपयाएवढा, आणि त्याच्या मध्यावर चार बारीक ठिपके होते.

"यांचा बूट द्या जरा," त्या मुलीला म्हणाल्या.

मुलीने बूट उचलला, आत हात घातला आणि तशीच उभी राहिली. मग तिने हात बाहेर काढून तळहात उघडला. त्यावर कोटाचं मोठं, चार भोकांचं बटण होतं. हे पायाखाली घेऊन काका तीन मजले चढून आले होते.

काकांचा चेहरा एकदम खुलला.

"अरेच्चा," ते म्हणाले, "हे तर मी सोमवारपासून शोधतोय."