सरूमामीची क्रियापदं

आलियाने पेन्सिल खाली ठेवली, हात वर केला, आणि परवानगी मिळायच्या आधीच बोलून मोकळी झाली.

"मॅडम, ही बाई नालायक आहे."

वर्गात हशा पिकला. श्यामला मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मत स्पष्ट आहे. पुस्तक वाचून झालं असतं तर त्याला थोडं वजनही आलं असतं. कुठपर्यंत आलीस?"

"निम्मं झालं."

"चालेल. निम्म्या पुस्तकावर पूर्ण मत देणारे पुण्यात पुष्कळ आहेत."

बारावीच्या त्या वर्गाला 'ओलिताचा तुकडा' नावाची कादंबरी लावलेली होती. राधा नावाची पोरकी मुलगी मामाच्या गावी येते. मामी, म्हणजे सरूबाई, तिला घरात घेते, वाढवते. पण तिच्याशी कधी एक गोड शब्द बोलत नाही. एवढीच गोष्ट. मामी वर्गात कुणालाच आवडत नव्हती. आलियाच्या शेजारी बसणाऱ्या वाशिमच्या श्रद्धाने तर पुस्तकात जिथे जिथे मामीचं नाव येईल तिथे समासात दोन शिंगं काढून ठेवली होती.

"असं करू," मॅडम म्हणाल्या, "ज्या पात्राचा सगळ्यात जास्त राग येतो ते घ्या. फक्त त्याची पानं पुन्हा वाचा. ते काय बोलतं ते सोडून द्या. बाकीचे त्याच्याबद्दल काय बोलतात तेही सोडा. नुसत्या क्रियापदांखाली रेघ मारा. त्या माणसाने केलं काय, एवढंच बघायचं."

"व्याकरण का, मॅडम?" मागच्या बाकावरून कुणीतरी कण्हलं.

"व्याकरणच. विशेषणं काय, कुणीही कुणालाही लावतं. आत्ताच आलियाने एक लावलं." मॅडमनी खडू ठेवला आणि हात झटकले. "पुढच्या शुक्रवारी प्रत्येकाने उभं राहून सांगायचं, पुस्तक कसं वाचलं आणि हाताला काय लागलं. गाईडमधलं नको. गाईड मीही वाचते."

आलियाला अर्थातच सरूमामी घ्यायची होती. तिचा राग आलियाला जरा जास्तच येत होता, आणि त्याचं कारण पुस्तकात नव्हतं.

ते विश्रांतवाडीला तिच्या घरी होतं. आलिया पाचवीत असताना तिची अम्मी गेली. आठवीत असताना अब्बांनी, म्हणजे जब्बारभाईंनी, मेहजबीनशी निकाह केला. मेहजबीन ओतूरकडची. घरात आली आणि महिन्याभरातच तिने अम्मीचं कपाट रिकामं केलं. आलिया शाळेतून परतली तेव्हा कप्प्यांत नवे कोरे वर्तमानपत्राचे कागद अंथरलेले होते, आणि त्यांवर काहीच नव्हतं. कपडे अनाथाश्रमात गेले, असं अब्बा म्हणाले. आलियाने दप्तर ठेवलं, हातपाय धुतले आणि जेवायला बसली. त्यावर ती तेव्हा काही बोलली नाही आणि नंतरही कधी बोलली नाही. मेहजबीनला ती 'आप' म्हणायची, आणि त्याच्यापुढे कुठलंच नातं लावायची नाही.

मेहजबीनही फार बोलत नसे. घरात हिंदी चालायची, आणि तिची हिंदी मोजकी असायची. आ गई? खा लो. सो जाओ. आलियाला ते थंडपणाचं वाटायचं, कारण तीच बाई शेजारच्या दुर्गाबाईंशी गच्चीवर कपडे वाळत घालताना इतकी हसायची की आवाज जिन्यापर्यंत यायचा. म्हणजे बोलता येतं, हसताही येतं. फक्त आपल्याशी नाही. आलियाने त्याचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता.

त्या संध्याकाळी ती खिडकीशी पुस्तक घेऊन बसली आणि रेघा मारू लागली. सरूबाई पहाटे उठली. चूल पेटवली. राधाची वेणी घातली. भाकरीचा पापुद्रा सोडवून राधाच्या ताटात ठेवला. ओलं सरपण स्वतःकडे ओढलं. वाट पाहिली. पहिल्या वाचनात हे सगळं डोळ्यांखालून गेलं होतं, कारण प्रत्येक वेळी मामी त्याच्या मागेपुढे काहीतरी खडूस बोलायची आणि लक्षात तेवढंच राहायचं. आता बोलणं वगळल्यावर पानावर दुसरीच बाई उभी राहायला लागली.

एक क्रियापद मात्र कशातच बसेना. गावच्या जत्रेच्या दिवशी सरूबाईने राधाला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावलं. का लावलं, ते लेखकाने कुठेच सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आलियाने मॅडमना व्हरांड्यात गाठलं.

"बसत नसेल तर ठोकून बसवू नकोस," मॅडम चालता चालता म्हणाल्या. "तिथेही रेघ मार आणि पुढे जा."

पण त्या पेन्सिलीची खोड वाईट निघाली. ती पुस्तकापुरती राहीना. सकाळी डब्यात पोहे भरताना मेहजबीन त्यातल्या हिरव्या मिरच्या एकेक करून वेचून काढत होती. आलियाला मिरची दाताखाली आलेली चालत नसे. सँडलचा उसवलेला पट्टा कुणीही न सांगता शिवून आला होता आणि सँडल दाराशी ठेवलेली होती. संध्याकाळी आलिया अभ्यासाला बसली की मेहजबीन टीव्हीचा आवाज पार बंद करायची आणि आपली मालिका नुसती चित्रं बघून पाहायची. वेचून काढल्या. शिवून आणला. बंद केला. आलियाला हे दिसायला नको होतं. तिने एकदा चिडून पेन्सिलच कंपासपेटीत टाकून दिली. तरी दिसायचं ते दिसतच राहिलं.

गुरुवारी शेवटचे तास झाले नाहीत, आणि ती दुपारीच घरी परतली. किल्लीने दार उघडलं तर घरभर करपल्याचा वास. धावत स्वयंपाकघरात गेली. मेहजबीन ओट्याला टेकून उभी होती. एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात 'ओलिताचा तुकडा'. कढईत कांद्याचा कोळसा झाला होता.

आलियाने पुढे होऊन गॅस बंद केला.

"अगं बाई! केवढी दचकले मी," मेहजबीन म्हणाली. मग कढईकडे पाहिलं. "गेला कांदा. जाऊ दे. आधी मला सांग, ही मामी शेवटी तरी त्या पोरीशी नीट बोलते की नाही? नाही, नको सांगूस. वाचते मी. पण रागच आला बघ मला तिचा. एवढी वर्षं पोर घरात वावरतीये आणि हिच्या तोंडातून शब्द फुटू नये? करते सगळं, मान्य. तुझ्या रेघा बघूनच तर वाचायला घेतलं. पण त्या लेकराला कळायचं कसं?"

आलिया तशीच उभी राहिली. एवढी वाक्यं तिने मेहजबीनकडून एका दमात कधी ऐकलीच नव्हती. आणि ही मराठी भरभर धावणारी, जिवंत, हातवारे करणारी होती. बोलताना मेहजबीनच्या भुवयासुद्धा हलत होत्या.

"तुम्ही मराठीत..." आलिया म्हणाली.

"मग? सगळी शाळा मराठीत झाली माझी. आमच्या वस्तीवर मुसलमानांची दोन घरं. घरी काय, दारी काय, मराठीच." मेहजबीनने पुस्तक ओट्यावर पालथं ठेवलं. "इथे आले तर सगळे हिंदीत. लग्नात कुठल्या तरी गोष्टीवरून मी तुझ्या फुफीला म्हटलं, मुझे राग आया. तर ती म्हणते, तो गाके सुनाओ! सगळ्या बायका हसल्या. तेव्हापासून घरात बेतानेच बोलते बाई. उगाच चुकायला नको."

आलियाला हसू आलं. ते तिने दाबायचा प्रयत्न केला, पण फुफीचा, म्हणजे आत्याचा, ठसका तिला चांगला माहीत होता आणि हसू फुटलंच. मग मेहजबीनही हसली, तेच गच्चीवरचं हसू. हसता हसता आलियाच्या लक्षात आलं: चार वर्षं ही बाई शब्द शोधत होती, आणि आपण ते मोजत होतो.

"मामीचं पण तसंच असेल," ती हळूच म्हणाली. "तिला जमत नसेल बोलायला."

"तू तिचीच बाजू घे."

"घेते. राधाने तरी कुठे विचारलं? जत्रेच्या दिवशी कुलूप का लावलं, एवढं विचारता आलं असतं तिला."

"लहान आहे गं ती."

"एवढी पण नाही."

मेहजबीनने कढई उचलून मोरीत ठेवली आणि वरून पाणी सोडलं. कढई चर्रकन वाजली. तो आवाज थांबल्यावर आलियाने विचारलं, "अम्मीचे कपडे का दिले?"

प्रश्न मराठीत आला. हिंदीत तो आला नसता. हिंदी अम्मीची भाषा होती. त्या भाषेत हे वाक्य इतकी वर्षं नुसतं अडकून पडलं होतं.

मेहजबीनने नळ बंद केला आणि हात पुसले.

"तुझे अब्बा रोज ते कपाट उघडायचे आणि तसेच उभे राहायचे. मी मागे चहा घेऊन उभी. मला त्या कपाटाची भीती वाटायला लागली होती. आपण या घरात कधी मावणारच नाही, असं वाटायचं. म्हणून दिले. तुला विचारायला पाहिजे होतं. तेव्हा सुचलंच नाही की ते तुझेही होते."

"एकही नाही ठेवला?"

"नाही."

ती आलियाकडे बघतच म्हणाली. एखादी ओढणी ठेवलीये म्हणाली असती, तर आलियाला बरं वाटलं असतं. ते नाही, तर नाही. पण इतकं सरळ उत्तर तिला आजवर कुणीच दिलं नव्हतं, अब्बांनीही नाही. दुखलं, आणि दुखता दुखता काहीतरी सैलही झालं. तिने टोपलीतून दोन कांदे काढले आणि सोलायला घेतले.

"आता मला वाचून दाखव पुढचं," थोड्या वेळाने मेहजबीन म्हणाली. "चिरते मी."

आलियाने कांदे तिच्याकडे सरकवले, पुस्तक उचललं, आणि मेहजबीन जिथे थांबली होती तिथपासून मोठ्याने वाचू लागली.

शुक्रवारी तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली. हातात काहीच नव्हतं.

"मी हे पुस्तक पहिल्यांदा रागाने वाचलं," ती म्हणाली. "तेव्हा मला फक्त मामीचं बोलणं ऐकू आलं. दुसऱ्यांदा रेघा मारत वाचलं, तेव्हा तिचे हात दिसले. तिसऱ्यांदा घरी मोठ्याने वाचलं. कुणीतरी ऐकत असलं की आपण वेगळं वाचतो, घाई करत नाही. आधी मला वाटलं होतं, कादंबरीचा विषय परकेपणा आहे. आता वाटतं, विषय न विचारलेला प्रश्न आहे. मामी बोलली नाही, हे खरंच. पण राधानेही विचारलं नाही. दोघी एकाच चुलीपाशी बसून आपापलं धरून राहिल्या."

"आणि कुलूप?" मॅडमनी विचारलं.

"ते मला अजून कळलेलं नाही. ते मी बसवलं नाही."

"आणि नालायक?"

"ते खोडलं."

श्रद्धा आपल्या पुस्तकातल्या शिंगांवर हळूच रबर फिरवायला लागली होती. आलिया खाली बसायला वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

"थँक यू, मॅडम."

"कशाबद्दल?"

"रेघा मारायला लावल्याबद्दल."

"ग्रंथालयाचं पुस्तक नव्हतं ना?"

"नाही. अप्पा बळवंत चौकातून घेतलंय. सेकंडहँड."

"मग ठीक. बस," मॅडम म्हणाल्या. पण पुढचा नंबर पुकारायला त्यांनी जरा वेळ लावला.

त्या रात्री जब्बारभाई मंडईजवळचं आपलं छत्र्यांचं दुकान बंद करून घरी आले, तेव्हा जेवायला वाढून झालं होतं आणि दोघी भांडत होत्या. निदान त्यांना तसं वाटलं. मेहजबीन हातातली पोळी तशीच धरून म्हणत होती की शेवटच्या प्रकरणात मामीने आपली जमीन राधाच्या नावावर केली ते ठीक, पण सांगायचं तरी! आणि आलिया म्हणत होती, सांगितलंय की, वाचता यायला पाहिजे. दोघींचे आवाज चढले होते, आणि दोघी मराठीत बोलत होत्या.

जब्बारभाई हात धुऊन बसले. बराच वेळ त्यांनी एकदा हिच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. कुणी त्यांना भाजी वाढेना.

"ये सरूमामी कौन?" शेवटी त्यांनी विचारलं. "अपने रिश्ते में है क्या?"

दोघी एकदम थांबल्या. मेहजबीनने आलियाकडे पाहिलं. आलियाने खाली मान घातली आणि अब्बांच्या ताटात भाजी वाढली.

"हो," मेहजबीन मराठीतच म्हणाली. "जवळची आहे."