दोन दाते चुकलेला शाफ्ट

आमच्या वर्कशॉपमधून कुठलीही गाडी बाबांनी शेवटची फेरी मारल्याशिवाय बाहेर पडत नाही. मागच्या महिन्यात ते म्हणाले, "आता कंबर साथ देत नाही. ही फेरी तुमच्यापैकी एकाला देणार." तुमच्यापैकी म्हणजे मी, त्यांचा सख्खा मुलगा, आणि धाकट्या बहिणीचा नवरा. मला इथे ऑइलमध्ये हात बुडवून वीस वर्षं झाली, जावईबापूंना तीन. तरी म्हणे 'तुमच्यापैकी'! तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय ते दुखतंयच.

त्यात दगडखाणीची गाडी परत आली. चार जाडजूड चाकांची, खाचखळग्यांतून, चढावरून, कुठूनही जाणारी. खाणीचा मॅनेजर वैतागला होता. "आठ दिवसांपूर्वी तुमच्याकडूनच नेली. तीसच्या वर गेली की अशी थरथरते, दातावर दात आपटतात."

म्हटलं, हीच संधी. दोन दिवस मी त्या गाडीशी झुंजलो. चाकांच्या रिंगमध्ये वाळलेला चिखल खरवडून काढला, इंजिनाखालची रबरं बदलली. थरथर जशीच्या तशी. जावई शेजारी आपलं काम करत होता, अगदी शहाण्यासारखा गप्प. त्याचं ते गप्प बसणंही मला टोचत होतं.

तिसऱ्या दिवशी बाबांनी त्याला हाक मारली. त्याने गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन पळवलं. काही नाही. मग गाडी स्टँडवर उचलून चाकं फिरवली. सीट थरथरायला लागली.

"दादा, ही थरथर इंजिनाची नाही, चाकांच्या वेगाबरोबर वाढतेय. मधला शाफ्ट बघूया का?"

बघूया म्हणे! दहा मिनिटांत! बाबांनी मान डोलावली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो वाकायच्या आत मीच गाडीखाली घुसलो.

शाफ्ट म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोचवणारा दांडा. त्याचे दोन दातेरी तुकडे एकमेकांत सरकून बसतात. उघडण्याआधी दोन्हींवर मिळून एक रेघ ओढायची आणि बसवताना रेघेला रेघ जुळवायची, ही आमची पद्धत. एखाददुसरा दाता चुकला की दोन टोकांचे सांधे आपापल्या तालावर फिरतात आणि गाडी थरथरते. मी फडक्याने चिखल पुसला. पांढऱ्या रंगाची रेघ निघाली, दोन दात्यांनी तुटलेली. पांढरा रंग जावईच वापरतो.

मला इतका आनंद झाला की डोकं वर आपटलं तरी कळलं नाही.

"बाबा, या! बघा तुमच्या लाडक्या जावयाचं काम!"

बाबा कण्हत खाली वाकले. डोळे बारीक केले, तरी रेघ दिसेना, म्हणून त्यांनी अंगठा फिरवला. मग तसेच वाकून राहिले. चेहरा एकदम उतरला. "त्या दिवशी दुपारी..." ते म्हणाले.

"माझंच चुकलं," जावई मध्येच बोलला. "घाईत बसवला. रेघ बघितलीच नाही."

तेव्हा मला आठवलं. गाडी आधी आली होती त्या दिवशी शाफ्ट त्याने सकाळी उघडला होता आणि दुपारी तो माझ्या बहिणीला घेऊन दवाखान्यात गेला होता. संध्याकाळपर्यंत आलाच नव्हता. मी बाहेरगावी सामान आणायला गेलो होतो. वर्कशॉपमध्ये होते एकटे बाबा, मोतीबिंदू झालेले डोळे घेऊन. शेवटची फेरीही कंबरेमुळे तीसच्या आतच मारली असणार.

तिघांनाही सगळं ठाऊक होतं. मलाही बोलता आलं असतं, की बाबा, माझ्याकडून राहिलं असेल. सुचलंच नाही. सुचलं ते त्याला. चांगुलपणातसुद्धा हा माझ्या पुढे!

मी रेघेला रेघ जुळवून शाफ्ट बसवला. बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "आजपासून शेवटची फेरी तुझी," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले.

मी खाणीच्या रस्त्याने चाळीसपर्यंत गाडी नेली. कुठे जरासुद्धा थरथर नव्हती. हवं ते मिळालं होतं, आणि मी नुसता जळत होतो.

परत आलो तर दोघं दारातल्या बाकावर बसले होते. बाबा संत्रं सोलून एकेक फोड त्याच्या हातावर ठेवत होते. फेरी कशी झाली, कुणी विचारलं नाही. मी गाडी बंद केली. मग पुन्हा चालू करून जागेवरच इंजिन जोरात पळवलं, निदान त्यांना ऐकू तरी जावं म्हणून.