डोळ्यातलं फूल

युआन नदीच्या या काठावर कुणाच्या डोळ्यात फूल पडलं, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग आला, की लोक फंग दमाओचं औषधाचं दुकान गाठायचे. दमाओ सापाची कात तांदळाच्या दारूत धुऊन घ्यायचा, तव्यावर पिवळसर भाजायचा, तिची पूड करायचा आणि डुकराच्या काळजाबरोबर शिजवून खायला सांगायचा. "साप कात टाकतो तेव्हा डोळ्यांवरचा पापुद्रासुद्धा टाकतो," तो म्हणायचा. "तुमचाही गळून पडेल."

कुणाचा पडायचा, कुणाचा नाही.

त्याची मुलगी चिउलान सव्वीस वर्षांची होती. सातव्या वर्षी गोवर निघाला आणि तिचा उजवा डोळा गेला. त्या डोळ्यापायी दोन सोयरिकी मोडल्या, पण बापाला तिनं कधी बोल लावला नाही. उलट गिऱ्हाइकांना ती कौतुकानं सांगायची, "माझे दोन्ही जायचे होते. बाबांनी कात दिली म्हणून हा एक राहिला." हे ऐकलं की दमाओ मान खाली घालून खलबत्ता चालवायचा.

वसंतातला पूर्वजांची थडगी झाडायचा सण होऊन चार दिवस झाले होते. पल्याडच्या डोंगरातली एक बाई, थानांची सून, पाठीशी चार वर्षांची लेक बांधून आली. पोरीचा गोवर नुकताच ओसरला होता. डावा डोळा लाल, चिकटलेला, आणि बुबुळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका.

"वैद्यबुवा, चांगल्यातली कात द्या. सासूबाईंनी सांगून धाडलंय, फक्त तुमच्याकडचीच."

"घाबरू नका हो," चिउलान खण उघडत म्हणाली. "माझंही असंच झालं होतं."

दमाओनं पोरीची पापणी वर केली. "खण लाव," तो लेकीला म्हणाला. मग त्या बाईकडे वळला. "तालुक्याच्या इस्पितळात जा. आत्ताच्या आत्ता. बाराची बस मिळेल."

बाई चिडली. "डोंगर उतरून आले ते बस धरायला? स्वतःच्या लेकीला कात दिलीत, आणि आमची पोर काय उकिरड्यावरची?"

"दिली ना! वीस दिवस दिली!" दमाओ एकदम ओरडला. मग हळू म्हणाला, "वीस दिवसांनी इस्पितळात नेली. तिथला डॉक्टर म्हणाला, पहिल्या आठवड्यात आणली असती तर डोळा राहिला असता. दुसऱ्या डोळ्याला काही झालंच नव्हतं. कातीनं काही वाचवलं नाही. ते मी रचून सांगितलं."

बाईनं चिउलानकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दमाओनं पोरीला कडेवर घेतलं आणि दुकान तसंच उघडं टाकून बाईसोबत तो बसच्या रस्त्याला लागला.

तो परत आला तेव्हा चिउलान चुलीपाशी बसली होती. भात झाला होता, वाढलेला नव्हता.

"आईला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मरेपर्यंत ती म्हणत होती, मी तुला गोवरात बाहेर वाऱ्यात नेलं, म्हणून डोळा गेला. माझ्या अंगावरून हात फिरवायची आणि रडायची. तुम्ही शेजारीच बसलेले असायचात, बाबा."

"असायचो."

"एकदा तरी सांगायचं होतं तिला."

"रोज वाटायचं, उद्या सांगू. लोक माझ्यावर भरवसा ठेवून येत होते गं. मग ती गेली."

"माझ्या डोळ्याचं मी सोसलं असतं," चिउलान म्हणाली. "तिचं कसं सोसू?"

दमाओनं वाडगा पुढे केला. तिनं भात वाढला, स्वतःला मात्र घेतला नाही.

महिन्याभरानं थानांची सून टोपलीभर अंडी घेऊन आली. पोरीच्या डोळ्यात बारीकसा डाग राहिला होता, पण दिसत होतं. चिउलाननं पोरीला मांडीवर घेतलं, हनुवटी धरून दोन्ही डोळे न्याहाळले. "किती छान बघतेस गं," ती म्हणाली आणि लगबगीनं आत गेली. बाहेर बाई अवघडून बसली. आतलं रडणं दमाओलाही ऐकू येत होतं, पण उठून जायचा धीर त्याला झाला नाही.

त्याच उन्हाळ्यात चिउलान तालुक्याला मावशीकडे राहायला गेली आणि शिवणकामाला लागली. भांडण नाही, तंटा नाही. जाताना तिनं बापाच्या कोटाची फाटकी बाही शिवून ठेवली होती.

पुढच्या वसंतात ती आईच्या थडग्यावर आली. गवत उपटलं, उदबत्त्या लावल्या, तिच्या नावानं कागदी पैसे जाळले. मग गुडघ्यांवर बसून, शेजारी कुणी बसल्यासारखं, साध्या आवाजात म्हणाली, "आई, वाऱ्यानं नव्हता गं गेला डोळा. तुझं काही चुकलं नव्हतं."

दमाओ दहा पावलं मागे, हातात टोपी घेऊन उभा होता. ती उठून वाटेला लागताना त्याच्याजवळून गेली.

"चलते, बाबा. जेवत जा वेळेवर."

"राहा की गं आजचा दिवस."

"बस आहे," ती म्हणाली आणि उतरणीला लागली. दमाओ थडग्याकडे वळला. त्यालाही काही सांगायचं होतं. कागदांची राख गार होईपर्यंत तो तिथेच बसून राहिला.