न आलेला खोकला

बंद पडलेल्या त्या गोदामात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत चाकांच्या खुर्च्या, त्यामागे नातेवाईक आणि पार दारापर्यंत नुसतेच बघे. लोक ज्याला घोटबाबा म्हणत, तो आप्पांच्या खुर्चीपाशी थांबला. पक्षाघाताचा झटका आल्यापासून आप्पांना गिळता येत नव्हतं. चमचाभर पाणी दिलं तरी खोकून खोकून जीव घाबरा व्हायचा. नाकातून पोटात सोडलेल्या नळीवर ते जगत होते.

बाबाने एका बाटलीतले थेंब त्यांच्या घशात सोडले आणि डोळे मिटून बराच वेळ काहीबाही पुटपुटला.

"घसा आजारी नाही, रुसलाय," तो म्हणाला. "डॉक्टर त्याला दटावतात. मी समजूत काढतो."

मग त्याने नाकातली नळी सर्रकन ओढून काढली आणि पेला ओठांना लावला. आप्पा प्यायले. सगळं गोदाम कान टवकारून ऐकत होतं. खोकला आला नाही.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आप्पांची बायको तर बाबाच्या पायांशी बसलीच. थोरल्या लेकीलाही भरून आलं. घरीदारी तिला सगळे ताई म्हणत. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारी ही बाई सहसा कशाला भुलायची नाही. पण आपला बाप पाणी पितोय हे बघताना शंका काढायला कुणाला सुचतं?

तशा शंका तिने आधी काढल्या होत्या, पण रुग्णालयात. नाकातली नळी फार काळ ठेवता येत नाही, आता पोटावरून थेट जठरात नळी बसवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पोट फाडणार का, हा ताईचा पहिला प्रश्न. त्यावर बाईंनी समजावलं होतं, की जागा बधिर करून, पडद्यावर बघत, सुईने कातडीतून बारीकसं छिद्र करायचं. टाके घालण्याजोगी मोठी चीर नाही. थोडे दिवस ठणकेल. जखम सुकली की आंघोळ करता येईल. गिळणं सुधारलं तर नळी काढता येते आणि छिद्र आपसूक बुजतं. मात्र नळी चुकून निसटली तर लगेच यायचं, कारण ते बुजायला वेळ लागत नाही.

आईने एवढंच विचारलं होतं, "म्हणजे माझ्या हातचा घास गेलाच म्हणायचा?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सध्या तरी हो. आईने त्याच दिवशी घोटबाबाचा पत्ता मिळवला. पोटाला भोक पाडलं की माणूस तिथून गळत जातो, असं त्याने सांगितल्यावर तर प्रश्नच मिटला.

बाबाने बाटली सोबत दिली होती. जेवणाआधी घशात थेंब सोडायचे. आई भात मऊसूत कालवून भरवायची आणि आप्पा निमूट खायचे. घरात अशी शांतता पसरली की ताईला स्वयंपाकघरात उभं राहवेना. आप्पांचा आवाज ओला झाला होता, विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसा. श्वासाबरोबर छातीत काहीतरी बुडबुडायचं. ज्या खोकल्याने इतके दिवस तिच्या काळजाचं पाणी केलं, त्याचीच ती आता वाट बघायला लागली. तो येत नव्हता. मग ताप आला.

आई अंथरूण नीट करत होती तेव्हा ताईने बाटलीतले थेंब स्वतःच्या जिभेवर घेतले. जरा वेळाने जीभ तोंडात परक्यासारखी पडून राहिली. गालाला आतून चावा बसला तोही तिला कळला नाही. रुमालाला रक्त लागलं तेव्हा कळला. दाढ काढायच्या वेळी दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तेव्हा अगदी असंच झालं होतं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, तुझा विश्वास नाही म्हणून तुला तसं होतं. पण ताप उतरेना, तेव्हा रुग्णालयात जायला ती कशीबशी तयार झाली. ताई खुर्ची आणायला गेली, तेवढ्यात बाहेरच्या बाकावर आईने आप्पांच्या घशात थेंब सोडले. तपासणीत आपला माणूस नापास होऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं.

डॉक्टरीणबाईंनी क्ष-किरणांत दिसणारं पांढरं औषध जेमतेम अर्धा चमचा भरवलं. पडद्यावर ते काळ्या धारेसारखं उतरलं आणि घशापाशी धारेला फाटा फुटला. एक पोटाकडे गेली. दुसरी सरळ श्वासनलिकेत. आप्पांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ते शांतपणे लेकीकडे बघत होते.

"हे फुप्फुसात चाललंय," बाईंनी चमचा खाली ठेवला. "आणि यांना पत्ताच नाही. मागच्या वेळी तर किती खोकत होते."

ताईने बाटली टेबलावर ठेवली. कुणी काही म्हणायच्या आत आईने ती उचलून तोंडाला लावली. मग ती ओठ चाचपत बसून राहिली. लाळ हनुवटीवर ओघळली, तीही तिला बोट लागलं तेव्हाच कळली.

"याने घसा बरा होत नाही, बधिर होतो," डॉक्टरीणबाई हलकेच म्हणाल्या. "खोकला म्हणजे शरीराची हाक असते. यांचं तोंड दाबलं गेलं."

"मी दाबलं," आई म्हणाली. शब्द जड, बोबडे निघाले.

फुप्फुसांना सूज आली होती. आप्पा वाचले, पण थोडक्यात. ताप उतरल्यावर पोटावरची नळी बसली. बाटलीत घसा सुन्न करायचं साधं औषध निघालं, कुठल्याही रुग्णालयातल्या कपाटात असतं तेच.

ताई पोलिसांत तक्रार नोंदवून थेट गोदामात गेली. आईही आली. बाबा कुणाच्या तरी घशाची समजूत काढत होता. आईने बाटली पुढच्या माणसाच्या हातात दिली आणि जिभेला थेंब लावून बघा, म्हणाली. बाटली हातोहात फिरली. श्रद्धा नसली की जीभ जड होते, असं बाबा म्हणाला. पण आता जड जिभेने एकमेकांशी बोलणारे बरेच झाले होते.

तेव्हा मागून एक बाई उठली. तिच्या नवऱ्यालाही इथेच पाणी पाजलं होतं. खोकला थांबला आणि आठवड्याच्या आत माणूस गेला. "बाबांनी सुखाने नेलं, असं मी सगळ्यांना सांगत आले," ती म्हणाली. "मीही भरवत होते." तिच्याकडे बघायची कुणाची छाती होईना. त्या गोंधळात बाबा मागच्या दाराने निघाला, पण लोकांनी त्याला दारातच धरलं.

त्या बाईचा नवरा काही परत येणार नाही. आपण एवढंच करू शकतो. दुखणं एकाएकी गप्प झालं, तर हात जोडण्याआधी ते का गप्प झालं हे विचारायचं. डॉक्टरांना विचारायचं, पुन्हा विचारायचं, भीती वाटते तेही सांगायचं. आणि ज्याला प्रश्न विचारलेला चालत नाही, त्याच्या हातून आपल्या माणसाला पाण्याचा थेंबही पाजायचा नाही.