टाकी चढलेली सायकल

माझ्या दुकानातून बाहेर पडणारी प्रत्येक सायकल आधी टाकी चढते. दुकानाच्या मागून पाण्याच्या टाकीपर्यंत जो चढ जातो, तो लांबीला सहाशे पावले आणि स्वभावाने दुष्ट आहे. त्यावर मी स्वतः सायकल नेतो, आणि पाय न टेकता वर पोहोचलो तरच ती गिऱ्हाइकाच्या हाती देतो. एकतीस वर्षांत या रिवाजाला अपवाद झालेला नाही. आमच्याकडचे लोक जुनी सायकल विकतानाही ‘टाकी चढलेली आहे’ एवढेच सांगतात, आणि घेणाऱ्याला त्याहून अधिक विचारावेसे वाटत नाही. याचा मला अभिमान होता, आणि तो लपवून ठेवण्याचे काही कारण मला दिसले नव्हते.

म्हणूनच मुलीने जेव्हा तिच्या सायकलचे गिअर हलके करून मागितले, तेव्हा मला तो गिअरचा प्रश्न वाटलाच नाही. अवमान वाटला.

ती जमीनमोजणीच्या कचेरीत काम करते. दोन महिन्यांची रजा टाकून, तंबूपासून स्टोव्हपर्यंत सारे बिऱ्हाड सायकलवर लादून, अडीच हजार किलोमीटर एकटीने जायचे तिने ठरवले होते. चौथ्या दिवशी वाटेत नऊ किलोमीटरचा घाट होता, आणि त्याच्या चढाचा नकाशा तिने कचेरीतल्या शिस्तीने काढला होता. तिच्या सायकलला पुढची सर्वांत लहान चकती चौतीस दात्यांची होती, मागची सर्वांत मोठी अठ्ठावीसची. पेडलचा एक फेरा मारला की सायकल अडीच मीटरांहून थोडी अधिक सरके. तिला पुढे चोवीस आणि मागे चौतीस दाते हवे होते, म्हणजे एका फेऱ्याला जेमतेम दीड मीटर.

माझे म्हणणे तीन भागांत होते. इतक्या हलक्या गिअरवर सायकल माणसाच्या चालीने जाईल, आणि ज्याला चालायचेच आहे त्याने सायकल घेऊ नये, हा पहिला. पाय बळकट होतात ते जड गिअरने, हा दुसरा. तिसरा मांडण्यापूर्वीच ती म्हणाली, “बाबा, माझा गुडघा.”

तिसरा मी मांडलाच नाही, पण पटले म्हणून नव्हे. दोन वर्षांपूर्वी डोंगरावरच्या शर्यतीत वळणावर उभा राहून ‘उतरू नकोस’ असे ओरडणारा मीच होतो. ती उतरली नाही. तिसरी आली, आणि पुढे सहा आठवडे तिला जिना उतरता आला नाही. दोष मी सीटच्या उंचीला दिला होता. सीटही मीच लावली होती, परंतु उंची चुकल्याचे कबूल करणे मला गिअर चुकल्याच्या कबुलीपेक्षा सोपे गेले असावे. डॉक्टरांनी तिला तेव्हाच बजावले होते की गुडघा पुन्हा असा सुजला तर सायकल कायमची सोडावी लागेल.

वाद आठ दिवस चालला. तिने एकदाही आवाज चढवला नाही. नवव्या दिवशी तिने शांतपणे सांगितले की तिला पुढच्या सोमवारी निघायचे आहे, आणि मला जमणार नसेल तर ती स्टेशनजवळच्या दुकानातून काम करून घेईल. मी म्हणालो, ही सायकल जशी आहे तशी टाकी चढलेली आहे.

“रिकामी,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात आली ती चार भरलेल्या बॅगा घेऊन. माझ्याच काट्यावर तिने त्या तोलल्या, सव्वीस किलो भरल्या. कॅरिअरवर दोन, पुढे दोन अशा त्या अडकवून तिने हँडल माझ्याकडे वळवले. “तुमचा रिवाज आहे ना? मग पुरा करा. जशी जाणार आहे तशी चढवा.”

समोरच्या शिंप्याने कात्री खाली ठेवली आणि तो चढाच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला.

पहिली दोनशे पावले मी चढलो; तेवढी मी डोळे मिटूनही चढेन. धोब्याच्या भिंतीशी जिथे रस्ता वळतो, तिथे पेडल अर्ध्यावर आले आणि तिथेच राहिले. मी उभा राहून सारे वजन टाकले. पुढचे चाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेले, आणि माझा पाय जमिनीला लागला. सायकल मागे घसरली नाही, कारण मुलीने मागून कॅरिअर धरले होते. ती केव्हा धावत आली ते मला कळलेही नव्हते.

“उस्ताद,” शिंप्याने खालून आवाज दिला, “माप उभ्या माणसाचं घेतलंत, आणि सदरा ओझं वाहणाऱ्याला शिवलात.”

मुलगी हसली नाही. तिने एवढेच सांगितले, “ही जागा सात टक्के चढाची आहे, बाबा. घाटात असा चढ पाच किलोमीटर आहे.”

खरे तर मला शरम वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण शरमेच्या आधी मनात आले ते असे की ही मुलगी निःसंशय माझीच. आठ दिवस तिने मला बोलू दिले, आणि शेवटचा मुद्दा माझ्याच रिवाजातून काढून माझ्याच पायांकडून वदवून घेतला.

काम दोन दिवस चालले. पुढे चोवीस, मागे चौतीस. चेन लांबली, म्हणून तिचा झोळ ओढून धरणारा मागचा हातही लांबच बसवावा लागला. चकतीच्या एका दात्याला बारीक कणी होती, ती मी कानशीने घासून काढली. संध्याकाळी मुलीने येऊन विचारले, पुढची मोठी आणि मागची मोठी चकती एकदम टाकून चेन पुरते का ते पाहिलंत? मी पाहिले आहे म्हणालो. तिने तरीही स्वतः पाहिले. एकतीस वर्षांत माझे काम असे कोणी तपासले नव्हते. मला ते इतके आवडले की मी रागावायचेच विसरलो.

रविवारी सारे ओझे लादून मी टाकी चढलो. धोब्याच्या भिंतीशी मी सीटवरून उठलो नाही, आणि गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. मग ती चढली आणि मी शेजारून चालत गेलो. चालीचा वेग खरोखर सारखा होता. तो पहिला मुद्दा मी अजून सोडलेला नाही. मात्र ती सहाशे पावले ती सलग बोलत होती, स्टोव्ह न्यावा की नाही यावर, पूर्ण वाक्यांत, एकदाही धाप न लागता. मला उत्तरे सुचत होती, पण देण्याइतका दम नव्हता. वाद आपण जिंकला असे तिने गृहीत धरले.

ती निघाल्याच्या चौथ्या दिवशी मी दुपारपर्यंत एकच पंक्चर काढत बसलो होतो. दीड वाजता फोनवर निरोप आला: ‘वर पोचले. गुडघा गप्प आहे. पाय एकदाच टेकला, पाणी भरायला.’

मी तो शिंप्याला वाचून दाखवला. तिसऱ्यांदा वाचू लागलो तेव्हा त्याने मला आठवण करून दिली की त्याचे कान चांगले आहेत. मग त्याने विचारले, किती वेगाने चढली असेल?

“माणसाच्या चालीने,” मी म्हणालो. हेच शब्द काही आठवड्यांपूर्वी मी शिवीसारखे वापरले होते.

आता दुकानाच्या दाराशी खुंटीवर चार बॅगा टांगलेल्या असतात. त्यांत झिजलेल्या चकत्या आणि तुटक्या चेन भरून मी वजन बरोबर सव्वीस किलो केले आहे. लांबच्या प्रवासाची सायकल आली की त्या तिच्यावर चढतात, आणि मग मी. कोणी जुन्या सायकलींबद्दल विचारले तर मी स्पष्ट सांगतो की त्या रिकाम्या चढल्या होत्या. आणि बॅगांचे विचारले तर हातातले काम खाली ठेवून, कोणी घाईत असला तरी त्याला बसवून घेऊन, सगळे पहिल्यापासून सांगतो.