रकान्याबाहेरचे उत्तर

पणजी सुईण, आजी सुईण, आई सरकारी दवाखान्याची फिरती दाई. तिन्ही पिढ्या लोकांच्या उंबरठ्यावर गेल्या त्या बोलावणे आल्यावर. चौथ्या पिढीतल्या प्रश्नबाईंनी मात्र आरोग्य सर्वेक्षणाच्या नोकरीत एकतीस वर्षे न बोलावता दारे ठोठावली, आणि एखादे दार बंद आढळले म्हणून शेजारच्या घरातले उत्तर कधी त्या नावावर खपवले नाही. त्यांचे खरे नाव हजेरीपटापुरते उरले होते.

निवृत्तीला महिना असताना त्या बाजारात लसूणवाल्या मावशीसमोर येऊन बसल्या.

"दिवसाला पाणी किती पेले पिता, मावशी?"

"दहा वर्षांपूर्वी हेच विचारलंस. माझा अर्धा तास खाल्लास. वर म्हणालीस, तुमच्याच भल्यासाठी आहे. कुठाय ते भलं?"

मावशीच्या डोक्यावर, भिंतीवर, मागल्या सर्वेक्षणातून निघालेला फलक होता: 'भरपूर पाणी प्या.' फलकावरची बाई हसत होती.

"तिला काय जातंय हसायला? तिला दिवसभर इथं बसायचं नाही. पाणी पिऊन जायचं कुठं? साधा आडोसा नाही. आधी तो अर्धा तास परत कर, मग नवा माग."

प्रश्नबाईंना ते लागले. तेव्हा 'दोन पेले' एवढे लिहून त्या उठल्या होत्या. का, हे त्यांनी विचारलेच नव्हते. कागदावर तसा रकाना नव्हता.

या खेपेस त्यांनी बाजारातल्या एकशे चाळीस जणींना तो एक जादा प्रश्न विचारला आणि उत्तरे समासात लिहिली. एकशे बावीस जणींचे उत्तर मावशीचेच निघाले. निम्म्या जणींना लघवीची जळजळ होती.

आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर नव्या फलकाचा नमुना तयार होता.

"बाई, समासातलं आपण मोजत नाही. पद्धत आहे ती."

"मागच्या वेळी मीच पाळली, साहेब. त्यातून फलक निघाला. समास वगळून अहवाल जाणार असेल, तर त्याखाली माझी सही नसेल."

"आठ दिवस राहिलेत तुमचे. कशाला ओढवून घेता?"

"आठच राहिलेत, म्हणून घाई आहे."

अधिकारी माणूस सरळ होता. त्याने गठ्ठा पुढ्यात ओढला. समासातली बारीक अक्षरे वाचता वाचता त्याच्या चहावर साय धरली. मग तो म्हणाला, "माझ्यासमोर पुन्हा मोजा." त्यांनी मोजले. एकशे बावीसच भरले. फलकाचा नमुना त्याने खणात टाकला.

पुढल्या वर्षी बाजाराच्या टोकाला चार दारांचे स्वच्छतागृह उभे राहिले. दारांना आतून कड्या, नळाला पाणी. प्रश्नबाई पाहायला गेल्या, तेव्हा हातात कागद नव्हता.

"आज काय विचारायचंय?" मावशीने गोणपाट सरकवत विचारले.

"काही नाही."

"मग बस इथं. गिऱ्हाईक आलं तर भाव कमी करू नकोस."

मावशी गेली ती निवांत. प्रश्नबाईंनी मांडी घालून तराजू सांभाळला. तिघांना लसूण दिला, भावात तसूभर हटल्या नाहीत. मावशी ओल्या हातांनी परतली. तिने पेला भरून पाणी पिऊन घेतले, पुन्हा भरला, पुन्हा प्यायली, आणि मग घड्याळाच्या दुकानाकडे नजर टाकली.

"अर्धा तास झाला," ती म्हणाली. "ऊठ आता. फिटलं तुझं."